वय शून्य

आमच्या टीमच्या प्रमुखाला मागून सगळे ‘हिरवा कंदील’ म्हणतात. कोडच्या चाचण्या पास होऊन स्क्रीनवर हिरव्या दिसल्या की त्याला दुसरं काही दिसत नाही. दवाखान्यांसाठी औषधाचा डोस काढून देणारा आमचा प्रोग्राम दुपारी चारला त्यांच्याकडे जायचा होता. कोड एआयने लिहिलेला, चाचण्याही त्यानेच. पेपर काढणारा तोच, सोडवणारा तोच, गुण देणाराही तोच. राहिली होती माझी सही. “नुसतं नजरेखालून घाल,” असं कंदिलाने सकाळीच सांगितलं होतं.

बाळंतपणाच्या रजेवरून परतून मला जेमतेम आठवडा झाला होता. पाच महिन्यांची लेक सासूबाईंकडे. तिच्या अंगात कणकण होती, त्यामुळे माझं अर्धं लक्ष फोनवर. म्हणूनच असेल, तापाच्या औषधासाठी मी तिचंच वय टाकलं. पूर्ण वर्षं: शून्य.

उत्तर आलं, मोठ्या माणसाचा डोस.

कोड उघडला. वय भरलं नसेल तर तीस वर्षं धरायची, असं त्यात होतं. आणि शून्य म्हणजेही ‘भरलं नाही’ असाच त्याचा समज होता. सातशे चाचण्यांत वर्षाच्या आतलं एकही मूल नव्हतं.

कंदिलाला सांगितलं, तर तो म्हणाला की आई झाल्यापासून मला जिथे तिथे भुतं दिसतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कालच हा बहिणीच्या बाळाचे फोटो टेबलाटेबलावर दाखवत फिरला होता. त्याला माझ्या खुर्चीत बसवलं.

“भाची किती वर्षांची?”

“वर्षांची कसली, बारा दिवसांची आहे.”

“मग टाक शून्य.”

त्याने टाकलं. पुन्हा मोठ्या माणसाचाच डोस. तो म्हणाला, “एआयला सांगतो. दोन मिनिटांत दुरुस्त करेल.”

“काय सांगशील?”

त्याने कीबोर्ड पुढे ओढला, तो मी परत माझ्याकडे घेतला.

“वय माहीत नसेल तर अंदाज करायचा की थांबून विचारायचं, हे आधी तू ठरव. ते कोणी ठरवलंच नव्हतं.”

सहीच्या जागी मी शेरा लिहिला: ‘नजरेखालून घातलं. विचार कोणीही केलेला नाही.’ असं लिहिलं तर प्रोग्राम अडकेल, तो म्हणाला. अडकू दे, म्हटलं.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. औषध नक्की किती द्यायचं? सकाळी तीनदा सांगितलं होतं. एरवी मी वैतागले असते.

चौथ्यांदा सांगितलं, सावकाश, त्याला ऐकू जाईल असं.