टेपवरची कोरी जागा

माझ्या सहा बटणांपैकी पाच बटणांवरच्या खुणा अजून स्पष्ट दिसतात. सहाव्यावरची, टेप मागे नेण्याच्या बटणावरची, खूण पूर्ण पुसली गेली आहे. तिथे प्लास्टिकला अंगठ्याच्या आकाराचा एक उथळ खळगा पडला आहे. तो अंगठा इन्शिराहबाईंचा. मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि या खळग्याइतका अभिमान मला दुसऱ्या कशाचाही नाही.

बाईंच्या वडिलांनी मला पोर्ट सईदच्या बाजारातून दुम्यातला, आमच्या गावी, आणलं. दुम्यातमध्ये लाकडावर कोरीव काम करणारे फार. आमच्या घराच्या तळमजल्यावर बाईंच्या वडिलांचाही तसाच कारखाना होता. आता तो बाईंचे थोरले भाऊ मुतवल्ली चालवतात. वरच्या खोलीत बाईंचा इंग्रजीचा वर्ग भरतो. खालून उडालेला बारीक भुसा माझ्या जाळीवर बसायचा आणि वर्ग सुरू होण्याआधी बाई तो मऊ ब्रशने झाडायच्या. इतक्या हळुवारपणे त्यांनी घरातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूला हात लावलेला मी पाहिला नाही. मी लक्ष ठेवून होतो.

माझ्या कॅसेटमध्ये एका इंग्रज बाईचा आवाज आहे. ती प्रश्न विचारते आणि थांबते. तेवढी जागा टेपवर कोरी असते, विद्यार्थ्याने तिथे आपलं उत्तर बसवायचं. सगळ्यांचा आवडता धडा म्हणजे काय करावं लागतं आणि काय करायला हवं, हे सांगण्याचा. दुम्यातच्या माणसाला तो शिकवावाच लागत नाही. इथे पाहुण्याला चहा घेणार का, असं कोणी विचारत नाही. घ्यायलाच हवा, असं सांगतात. एकदा खालच्या कारखान्यातल्या पॉलिशवाल्या झक्कीने, तोही आमच्याच वर्गातला, एका परदेशी गिऱ्हाइकाला भाताचं ताट देताना त्याच थाटात ‘यू मस्ट ईट’ असं इतक्या जोरात म्हटलं की त्या बिचाऱ्याने चमचाच खाली ठेवला.

त्या कोऱ्या जागेत कितीतरी आवाज आले. मला पहाटे उठावं लागतं. मला पॉलिश वाळेपर्यंत थांबावं लागतं. बाईंचं स्वतःचं उत्तर मात्र कधी आलं नाही. मुतवल्लींची बायको लवकर गेली. त्यांचे दोन मुलगे बाईंनी वाढवले आणि आलेली स्थळं परत पाठवली. गेल्या हिवाळ्यात धाकट्याचंही लग्न झालं. दोघं वेगळ्या घरांत राहायला गेले. तरी जिन्यातून भावाची हाक यायची ती यायचीच.

मग वर्गात कॅप्टन शौकी आले.

हा निवृत्त माणूस. परदेशी जहाजांना वाट दाखवून बंदरात आणण्याचं काम त्याने केलं. बायको वारलेली, घर रास अल-बरला, जिथे नदी समुद्राला मिळते तिथे. तो पुढच्या बाकावर बसायचा आणि बाई बोलत असताना माझ्याकडे एकदाही बघायचा नाही. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. पुढे त्याने वर्गाला एक भेट आणली. वीतभर उंचीचा निळा स्पीकर. त्याला तार नाही, कॅसेट नाही, बटणंही जवळजवळ नाहीत. बाईंनी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “किती हलका आहे.” त्या दिवशी मी कपाटावर गेलो.

मित्रांनो, वरून सगळं दिसतं. निळ्या डब्यावर भुसा साचला नव्हता तरी बाई तो पुसायच्या, तेही माझ्याच ब्रशने. त्याचा आवाज स्वच्छ होता, हे मी नाकारत नाही. माझा रबरी पट्टा सैल झाल्यामुळे माझी इंग्रज बाई सर्दी झाल्यासारखी बोलते, हेही खरं. पण त्या डब्याला कुठे खळगा पडणार होता?

गेल्या उन्हाळ्यात वर्ग सुटल्यावर, उघड्या दारासमोरच्या जिन्यात कॅप्टन बाईंना म्हणाले, “तुम्ही आमच्या घरी यायलाच हवं. आलात की परत जाऊ नका.”

आमच्याकडे नावेत बसून जेवणारा माणूस काठावरून जाणाऱ्याला हाक मारतो, या, जेवायला या. काठावरचा पोहत येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. तो म्हणतो, तुमचं घर भरलेलं राहो, आणि चालू लागतो. ही रीत आहे. बाईंनीही तेच म्हटलं. “तुमचं घर भरलेलं राहो, कॅप्टन.” कॅप्टन मान खाली घालून उतरले. मला फार बरं वाटलं.

पण त्यानंतर वर्ग सुटला की बाई मला कपाटावरून काढून समोर ठेवायच्या आणि त्या खळग्यात अंगठा टेकवून नुसत्या बसायच्या. बटण दाबायच्या नाहीत. त्या माझ्यापाशी होत्या, तरी विचार दुसऱ्याचाच चालला होता. याहून वाईट काही नसतं.

परवा दुपारी वीज गेली. निळ्या डब्याचं चार्जिंग संपलं होतं. बाईंनी मला खाली घेतलं, धूळ फुंकली आणि जुनेच सेल घातले. समोर झक्की, कॅप्टन आणि मिठाईच्या दुकानातली विज्दान होती. विज्दान दिवसभर मशब्बक तळते, म्हणजे जिलबीसारखी पाकातली मिठाई.

“कॅप्टनकाका,” ती म्हणाली, “काल तुमचा एक जुना खलाशी दुकानात आला होता. सांगत होता, तुम्ही उभा जन्म गोऱ्या कप्तानांना इंग्रजीतून शिव्या दिल्यात. मग इथे काय घोकायला येता?”

“शिव्यांचं इंग्रजी वेगळं असतं, पोरी.”

“बाई, ते दर वेळी एकच चूक करतात बघा. तुम्ही जवळ येऊन सुधारावी म्हणून.”

“विज्दान, तुझी जीभ जरा पाकात बुडवून ठेव,” बाई म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. त्या कॅप्टनांकडे वळल्या. “खरं आहे का हे?”

कॅप्टन उठून उभे राहिले. “खरं आहे. गेल्या उन्हाळ्यात मी तुम्हाला बोलावलं, तेव्हा तुम्ही नावेतल्या माणसाला देतात ते उत्तर मला दिलंत. बाई, माझं आयुष्य पाण्यावर गेलं. पण त्या दिवशी मी काठावरच उभा होतो, तुमच्या शेजारी. लग्नाचं विचारत होतो.”

झक्कीने नखावरचं पॉलिश खरवडायला सुरुवात केली. तेवढ्यात मुतवल्ली जिना चढून दारात आले.

“इन्शिराह, संध्याकाळी मुलं येतायत. बदक करायला हवं, कांदा भरलेलं. आणि ऐक, थोरली सून कामाला जाणार आहे. तिचं बाळ आता तूच सांभाळायला पाहिजेस. दुसरं आहे कोण?”

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी अंगठा माझ्या खळग्यात ठेवला, टेप थोडी मागे नेली आणि मला चालू केलं.

इंग्रज बाईने धड्यातला शेवटचा प्रश्न विचारला. तुम्हाला काय करायचं आहे? सेल उतरलेले आणि पट्टा सैल, म्हणून ती फार संथ बोलली. पुढची कोरी जागाही तितकीच लांबली. त्या निळ्या डब्याला हे जमलं नसतं. थोडा वेळ त्यातून आवाज आला नाही की तो आपोआप बंद होतो. वाट बघणं मला येतं, त्याला येत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांसमोर सिद्ध झालं.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसत जा, सेल वेळेवर बदलत जा, असं मी शेवटी सांगणार होतो. ते लक्षात ठेवाच. पण माणसाने उत्तर द्यायला वेळ घेतला, तर त्याच्याजवळ गप्प बसून राहा, हेही सांगतो. मी बसलो, तेही ज्या कॅप्टनचा मला मत्सर वाटतो त्याच्यासाठी.

टेप फिरत होती. बाईंनी भावाकडे पाहिलं.

“भाऊ, आजचं बदक मी करते,” त्या म्हणाल्या. “शेजारी उभा राहून शिकून घे. मी कॅप्टनांशी लग्न करून रास अल-बरला राहायला जाणार आहे.”