पहिलवानाचा नमुना

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे पहिलवान म्हणतात. त्याने कधी कुस्ती केलेली नाही. तो व्यायामाची यंत्रं विकतो आणि दुकानात शिरणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकासमोर दंड फुगवतो, एवढंच. आईने ते नाव कौतुकाने ठेवलं. मी कौतुकाने घेत नाही.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही त्याला मूल नव्हतं. आईच्या मते कारण उघड होतं. माझी भावजय चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासत उभी राहते, आणि उभं राहणाऱ्या बाईला दिवस राहत नाहीत, हा आईचा शोध. पहिलवानाने त्यात भर घातली, की ती फ्रीजमधलं गार पाणी पिते. भावजय दोघांचंही ऐकून घ्यायची. शेवटी तिनेच डॉक्टरबाईंची वेळ ठरवली आणि मला म्हणाली, “ताई, तुम्ही पण चला. मला तिथे कोणीतरी माणूस सोबत हवंय.” नवरा येणारच होता, तरी ती असं म्हणाली.

डॉक्टरबाईंनी पाळी, वजन, थायरॉइड, आधीचे आजार असं सगळं विचारलं. प्रश्न भावजयीला होते, उत्तरं पहिलवान देत होता. मग बाई त्याच्याकडे वळल्या.

“आणि तुमची तपासणी झालीय का?”

“माझी कशाला? मी रोज शंभर किलो उचलतो.”

“इथे उचलायचं काही नाहीये,” बाई म्हणाल्या. “अडचण बायकोकडे असते तशीच नवऱ्याकडेही असू शकते. तुमची तपासणी सोपी आहे, सुईसुद्धा टोचायची नाही. म्हणून ती आधी. वीर्याचा नमुना घरून आणलात तरी चालेल, फक्त तासाभराच्या आत पोचवा.”

त्याने तो घरून आणला. रिपोर्ट उत्तम आला. त्याने आईला सांगितलं, आईने अख्ख्या इमारतीला. आईच्या दृष्टीने खटला निकाली निघाला होता आणि आरोपी चष्म्याच्या दुकानात उभी होती.

भावजयीच्या सगळ्या तपासण्या झाल्या. नळ्या मोकळ्या, गर्भाशय ठीक, रक्त ठीक. डॉक्टरबाई म्हणाल्या, कधीकधी कारण सापडत नाही, आता बाहेर गर्भ तयार करून पाहू. मग रोज पोटात इंजेक्शन. ती ते स्वतः टोचून घ्यायची, दुकानाच्या मागच्या खोलीत, काचांच्या खोक्यावर बसून. पोट फुगायचं, डोकं दुखायचं. पहिलवानाला सुई बघवत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी तो गॅलरीत जाऊन उभा राहायचा आणि आतून बायको “झालं” म्हणाली की जेवायला यायचा.

स्त्रीबीजं काढायच्या दिवशी मी रजा टाकली. आईही आली, तोंड पाडून, जणू खर्ची पडणार ते तिचंच शरीर. भावजयीला भूल देण्यासाठी आत नेलं. नर्सने पहिलवानाच्या हातात डबी दिली आणि कोपऱ्यातली खोली दाखवली. “आज इथेच द्यायचा. घरचा चालणार नाही.”

तो आत गेला. पुष्कळ वेळाने रिकाम्या हाताने बाहेर आला.

“टेन्शन आलंय,” तो म्हणाला. “कालपासून पोट बरं नाही. आणि त्या खोलीत फिनेलचा वास येतोय. आणि बाहेर पावलं वाजतात.”

मी कोर्टात टंकलेखक आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट कळली, खोटं बोलणारा माणूस एका कारणावर थांबत नाही. पण तेव्हाही मला वाटलं, भित्रा आहे, दुसरं काय. तो फोन घेऊन जिन्यात गेला आणि परत येऊन बाकावर बसला.

थोड्या वेळाने जिन्यातून आमचे हे वर आले. धापा टाकत. माझ्या दोन्ही बाळंतपणांना हे गृहस्थ उशिरा पोचले होते. पहिलवान त्यांना बघताच उठला आणि दोघं एकामागून एक पुरुषांच्या स्वच्छतागृहात शिरले. मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले. आधी पहिलवान बाहेर आला. मला पाहून त्याचा हात जॅकेटच्या खिशावर गेला.

“खिशात काय आहे?”

“काही नाही, ताई. दाजींनी औषध आणलंय.”

मी खिशात हात घातला. डबी कोमट होती.

मागून आमचे हे आले. ते खोटं बोलण्यातही आळशी आहेत, त्यामुळे सगळं लगेच कळलं. पहिलवानाने आधीच दुसऱ्या गावी जाऊन गुपचूप तपासणी केली होती. त्यात शुक्रजंतू शून्य आले होते. मग डॉक्टरबाईंसाठी त्याने दाजींकडून नमुना मागून घेतला, आणि दाजींनीही मान मिळाल्यासारखा दिला.

“आणि आज?” मी विचारलं. “आज तिच्या पोटात कोणाचं मूल वाढवणार होतात?”

“अगं, घरातल्या घरातच तर आहे,” आमचे हे म्हणाले. “बाहेरचं थोडंच आहे?”

वाटीभर साखर उसनी दिल्यासारखं बोलत होता हा माणूस. मी डबी कचऱ्याच्या टोपलीत टाकली आणि डॉक्टरबाईंना बोलावून आणलं.

बाईंनी दोघांना समोर उभं केलं, बसायला सांगितलं नाही. “तिला न सांगता परक्याचं बीज वापरायला निघाला होतात. मी आज काहीच फलित करणार नाही. बीजं गोठवून ठेवता येतील. पण ते तिला विचारून.”

मग त्यांनी पहिलवानाला विचारलं, “शून्य आल्यावर पुढे काय तपासलंत?”

“पुढे काय तपासायचं? शून्य म्हणजे शून्य.”

“नाही. कित्येकदा आत जंतू तयार होतात, पण वाट बंद असते. बारीक सुईने ते काढता येतात. हे तेव्हाच सांगितलं असतंत तर तेव्हाच बघितलं असतं.”

“सुई कुठे टोचतात?” पहिलवानाने विचारलं.

त्याला सगळ्यात आधी हेच विचारावंसं वाटलं. पलीकडच्या खोलीत त्याची बायको भुलीतून बाहेर येत होती.

तिला पूर्ण शुद्ध आल्यावर आम्ही सांगितलं. बाईंनी तिचा हात धरला होता. ती रडली नाही, तिने पाणी मागितलं. मग विचारलं, “माझी बीजं चांगली आहेत?”

“चांगली आहेत.”

“मग ठेवा. माझ्या नावाने ठेवा. याला विचारायची गरज आहे का?”

“बीजं तुमची आहेत. विचारायची गरज नाही.”

आम्ही निघालो तेव्हा बाहेर आई पुढे आली, तिला तोवर सगळं कळलं होतं. तिने सुनेला समजावलं, “बाई, झालं ते झालं. पुरुषाला लाज असते. घरातली गोष्ट घरात राहू दे.”

“आई, घरातली गोष्ट घरात राहू द्यायचीच यांनी तयारी केली होती,” भावजय म्हणाली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही रिक्षात बसलो.

ती परत गेली नाही. चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली, तिथे राहते. पहिलवानाने पुढे ती बारीक सुई टोचून घेतली. शुद्ध जायची वेळ आली, दोन जणांनी धरून ठेवलं. जंतू मिळाले. तो फुलं घेऊन तिच्या दारात गेला. ती दारातूनच म्हणाली, “तुझ्याकडे आता सगळं आहे. कोणीतरी शोध.”

हल्ली तो दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगतो, की बायकोसाठी मी ऑपरेशन करून घेतलं आणि तीच सोडून गेली. लोक हळहळतात, काही जण यंत्रही घेतात.

आमच्या ह्यांनी बरेच दिवस समजूत काढायचा प्रयत्न केला. मदतच तर करत होतो, म्हणतात. मी जेवायला वाढते, बोलत नाही. परवा भावजयीकडे गेले तेव्हा ती डॉक्टरबाईंकडून आली होती. एकट्या बाईला दात्याचं बीज घेता येतं का, त्याला काय लागतं, किती वाट बघावी लागते, हे सगळं विचारून आली होती. चहा टाकता टाकता मला सांगत होती.