पाटीची कड

चार स्क्रूंपैकी एक वेगळा निघाला होता – बाकीच्या तिघांहून आखूड, आटे बोथट – आणि मावशी मघापासून तो एकच बोटांत धरून फिरवत होती, जणू हा एक बसत नाही एवढ्या कारणावरून सगळंच मोडता येईल. टेबलावर पाटी. वर्तमानपत्रात गुंडाळून मावशीनंच आणलेली. तिनं ती सोडली होती, पुन्हा गुंडाळली होती, पुन्हा सोडली होती. रुंद लाकडी फळी, तिच्यावर पितळेचा पत्रा, पत्र्यावर एका मेलेल्या बाईचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत – बारीक म्हणजे तरी रस्त्यापलीकडून वाचता येतील इतकी – 'स्त्रियांसाठी आसरा'. संध्याकाळी पाटीचा मालक येणार होता, बायकोला आणि समाजातल्या चार वडीलधाऱ्यांना घेऊन. तोवर ती बाहेरच्या दारावर लागलेली हवी. लागली, तर पुढची काही वर्षं घराची काळजी मिटली. नाही लागली, तर महिनाअखेरीला कुलूप.

आणि लागली तर... मावशीनं स्क्रू सोडला. तो घरंगळत पाटीपाशी जाऊन थांबला.

या घराला कधी पाटी नव्हती. पाटी नसणं हाच या घराचा पाया होता, भिंती नंतरच्या. चपला आत काढायच्या, कारण दाराबाहेर बायकांच्या चपलांची रांग दिसली की येणाऱ्याजाणाऱ्याला हिशेब लागतो. पडदे ओढलेले. खिडकीत उभं राहायचं नाही. फोनवर पत्ता कधीच नाही. नवी बाई आली की मावशी स्वतः बसथांब्यावर जाऊन तिला घेऊन येणार, तीही दोन गल्ल्या उगाच फिरवून. गल्लीला सांगितलेलं, की हा शिवणक्लास. म्हणून पुढच्या खोलीत एक मशीन, आणि कुणी ना कुणी ते दिवसभर चालवायचं – कापड असो नसो, आवाज तर हवा! एकदा शेजारची म्हातारी नवऱ्याची पँट आखूड करायला घेऊन आली. नाही कसं म्हणणार? सगळ्यांनी मिळून, घरातली सगळी अक्कल एकत्र करून ती अशी आखूड केली, की एक पाय घोट्याला आणि दुसरा पोटरीला. म्हातारी पँट उलटीसुलटी करून बघत म्हणाली, "तरीच! तुमच्या क्लासातून एकही मुलगी शिकून बाहेर पडलेली दिसली नाही मला." त्या दिवशी घर पोट धरधरून हसलं होतं. म्हणजे – तोंडात उशी, टॉवेल, मूठ, जे मिळेल ते कोंबून हसलं होतं.

मावशी हे नाव तिला पहिल्याच बाईनं दिलं आणि तेच पुढे चालू राहिलं. बरंही होतं ते. काकू, वहिनी, आत्या म्हटलं की नवऱ्याकडचं कुणीतरी मागे उभं राहतं. मावशी तेवढी सासरच्या कुणाचीच काही लागत नाही. माय मरो पण मावशी जगो, असं लोक म्हणतात – आता मावशीचीच घटका भरत आली होती, तर त्यावर काही म्हण आहे का कुणाकडे?

पूर्वी ती सरकारी दवाखान्यात दुभाष्याचं काम करायची. आपली माणसं या शहरात मूठभर, दोन पिढ्यांमागं आलेली. पुरुष कामावर जाऊन इथली भाषा शिकले, बायका घरात राहिल्या आणि आपल्याच भाषेत राहिल्या. त्यांना डॉक्टरपुढे मावशी बोलून दाखवायची. जिन्यावरून पडले. जिन्यावरून पडले. हे एकच वाक्य तिनं इतक्यांदा इकडचं तिकडं केलं, की आपल्या वस्तीतले जिने एकदा जाऊन बघून यावेत असं तिला वाटायला लागलं – आणि मग आठवलं, की आपल्या वस्तीत सगळी घरं बैठी आहेत. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा भाषांतर केलं नाही. गप्प बसली. डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि त्या गप्प बसण्यातून हे घर झालं, एका संस्थेनं भाडं उचललं, आणि वर्षं कशी गेली ते कळलंही नाही.

संस्थेच्या बाई गेल्या महिन्यात आल्या होत्या. चांगल्या बाई, चहाचा कप स्वतः धुऊन ठेवणाऱ्या. म्हणाल्या, आता शहरात मोठं आश्रयगृह झालंय, सगळ्यांसाठी, तेव्हा इथलं भाडं पुढच्या महिन्यापर्यंतच. मग तुमच्या बायकांना वेगळं घर कशाला? वेगळं राहून वेगळेपणच वाढतं ना? मावशीला उत्तर तोंडपाठ होतं, पण त्या उत्तराला पांढरा स्वेटर होता, आणि तो स्वेटर डोळ्यांपुढे आला तशी ती बाईंना आणखी चहा ओतायला उठली. थंडीत आली होती ती पोरगी, तो स्वेटर घालून. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून संस्थेनंच तिला मोठ्या आश्रयगृहात नेलं. तिथं सगळं होतं. गरम पाणी, स्वच्छ चादर, औषध, हसून बोलणाऱ्या बाया. फक्त तिला कुणाचं कळत नव्हतं आणि तिचं कुणाला. हातवारे करून दुखणं सांगता येतं. भीती कशी सांगणार? आठवड्याच्या आत ती आपल्या पायांनी नवऱ्याकडे परत गेली. फोन केला होता तिनं, घरी पोचल्यावर. "मारतो हो मावशी. पण बोलतो तरी."

नंतर एकदा बाजारात दिसली. तोच स्वेटर, आता मळका. नवऱ्याच्या मागून दोन पावलांवर. एक डोळा अर्धा मिटलेला – सूज म्हणावी तर नाही, तो आता तसाच राहायचा होता. मावशी थांबली. आणि ती पोरगी तिच्या अंगावरून नजर अशी पुढे घेऊन गेली, जशी माणसं दिव्याच्या खांबावरून नेतात. मावशीनं त्या दिवशी भाजी घेतलीच नाही. रिकामी पिशवी घेऊन घरी आली.

मग आपल्याच माणसांपुढे हात पसरायचा ठरवलं. चार दारं झाली. कुणी म्हणालं, घरातलं घरात. कुणी म्हणालं, झाकली मूठ सव्वा लाखाची, तुम्ही ती चव्हाट्यावर का उघडता? पाचवा वखारवाला. लाकडाचा मोठा व्यापारी, खुर्चीत न मावणारा माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हाताचे दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून बसला. मावशीला वाटलं, कंटाळला. तो रडत होता. शेजारच्या खोलीतून ऐकायचो मी, तो म्हणाला, उशी कानावर घेऊन. आईला नावानं कुणी हाक मारली नाही, ताई. बाप 'ए' म्हणायचा. मेली, तेव्हा कागदावरसुद्धा अमक्याची बायको. तुमचं घर मी चालवतो. फक्त दारावर तिचं नाव लावा.

आणि मावशी – मी – हो म्हणाले. तिथल्या तिथं. दोन्ही हातांनी. बुडत्याला काडीचा आधार मिळाला की तो काडीचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे हे बघतो का?

आज सकाळी तिनं फोन लावला होता. तोंडात घोळवून घोळवून तयार केलेलं वाक्य.

"भाऊ, पाटी आत लावली तर? आतल्या खोलीत, सगळ्या बायकांना रोज दिसेल अशी. मी स्वतः पुसत जाईन."

पलीकडे करवतीचा आवाज. मग तो कुणीतरी बंद केला.

"आत?"

"पत्ता फुटला तर, भाऊ–"

"फुटू दे की. आपण चोर आहोत? लपायचं तर त्यांनी लपावं, मारणाऱ्यांनी." आणि मग, एकदम पडलेल्या आवाजात, "आयुष्यभर आतच होती ती, ताई."

त्याचं खरं होतं. हेच तर असह्य होतं, की त्याच्या बोलण्यात एक शब्द खोटा नव्हता. एखादा नाव मिरवणारा, हार घालून घेणारा असता, तर मावशीनं त्याला कधीच फिरवून ठेवलं असतं. तसल्यांची तिला सवय होती. पण कानावर उशी घेतलेल्या पोराला काय सांगायचं? एकच गोष्ट सांगता आली असती, आणि ती सांगितली असती तर त्यानं त्या क्षणी पाटी मागे घेतली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं – भाऊ, तुमच्याच वखारीत रंध्यावर काम करतो ना, शांत, मान खाली घालून, ज्याच्याबद्दल तुम्ही परवा म्हणालात की असा कारागीर मिळत नाही... त्याची बायको माझ्याकडे आहे. तो वस्तीत दारोदार तिला शोधतोय. पण आत कोण आहे हे बाहेर सांगायचं नाही, देवाला विचारलं तरी नाही. हा शब्द ती प्रत्येकीला उंबरठ्यावर देते. आणि वखारवाला भोळा. भोळा माणूस रागावला की गप्प बसत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं त्या कारागिराची कॉलर धरली असती. सांगितलं तर नाव फुटतं, न सांगितलं तर दार फुटतं. इकडे आड, तिकडे विहीर – आणि मधे मी, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन.

तिला एकटीला हलवावं? कुठं? पांढऱ्या स्वेटरच्या वाटेनं? आणि ती गेली तरी बाकीच्या आहेतच. संध्याकाळी येणाऱ्या चार वडीलधाऱ्यांतला एकजण तर आतल्या खोलीत झोपणाऱ्या पोरीचा चुलत सासरा. आपल्या माणसांत इथं एकाला ठसका लागला की तिथं दुसरा पाणी पितो. उद्या सकाळपर्यंत...

"काय आलंय हो मावशी? केवढी पाटी! सोन्याची की काय?"

"हळू," मावशी म्हणाली.

न बघता म्हणाली. या बाईच्या वाक्याला पुढे मावशीचा 'हळू' लागायचाच, दरवाज्याला कडी असावी तसा. घरात तिचं नावच कर्णा पडलं होतं. आवाज जन्माचा, कुजबुजली तरी शेजारच्या म्हातारीला ऐकू जाईल. हसली की भांडी वाजायची. आली त्या दिवशी दंडावर हिरवेनिळे डाग दाखवत म्हणाली होती, "माझा आवाज सहन होत नाही हो त्याला. दाराबाहेर ऐकू जातो म्हणतो. हळू बोल, हळू बोल, हळू बोल – आणि चौथ्यांदा तोंडानं सांगत नाही." आणि मावशीनं तिच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं म्हटलं होतं, "आता घाबरू नकोस. फक्त इथं जरा हळू बोल."

तेव्हा नव्हतं टोचलं. मग एकदा टोचलं, आणि मावशीनं ते बाजूला सारलं, कारण टोचून घ्यायला वेळ कुणाकडे होता? त्यानं म्हटलेला हळू वेगळा, आपला वेगळा. आपला जगवण्यासाठी. पण ऐकणारीच्या कानात शब्द तर एकच जातो... ओढलेले पडदे, आत काढलेल्या चपला, तोंडात कोंबलेल्या उशा. वखारवाल्याची आई हे घर बघायला आली असती, तर तिला काही वेगळं वाटलं असतं का?

कर्णा ओले हात पुसत टेबलाशी आली. तिला अक्षरं वाचता येत नव्हती. "कुणाचं नाव?" तिनं विचारलं, आणि त्याच दमात, "दारावर लावायची? म्हणजे आपण आता उजेडात येणार?" असं म्हणत, बायका कापडाचा पोत बघतात तसा फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड मोठी सुरेख होती. उतरती, गोलसर, आणि कोपऱ्याशी आली की रंधा किंचित उचलल्यासारखी, जरा पातळ.

अंगठा कोपऱ्यावर थांबला. मागे आला. पुन्हा कोपऱ्यापर्यंत गेला.

मावशी आखूड स्क्रू शोधत होती. पुढच्या खोलीत मशीन चालू होतं, कापडाशिवाय, कोरडं. कर्णा आता काहीतरी बोलेल, आणि आपण 'हळू' म्हणू, असं मनाशी चालूच होतं – आणि कर्णा काही बोलेना, तेव्हा तिनं वर पाहिलं.

कर्णेचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. मावशीला वाकावं लागलं, या बाईचं ऐकायला, हिचं, आयुष्यात पहिल्यांदा, पुढे वाकून कान द्यावा लागला.

"ही कड त्यानं मारलीय," कर्णा म्हणत होती. नुसत्या श्वासानं. "कोपऱ्याशी हात उचलतो तो. आमच्या पलंगाची पण अशीच. मी ओळखते... मी रोज पुसायचे."

"त्याला हे घर माहीत नाही," मावशी म्हणाली. "अजून कुणालाच नाही. मालकांनी नुसती फळी करायला सांगितली असेल."

कर्णेनं मान हलवली. हो, की नाही, कळलं नाही. पाटीवरचा हात तिनं उचलला नाही, जणू उचलला तर खालचं काहीतरी जागं होईल. तिनं पुन्हा काहीतरी सांगितलं आणि ते मावशीला ऐकूच आलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं तिला हळू बोलायला. कुणीच नाही. तो आवाज – भांडी वाजवणारा, म्हातारीला ऐकू जाणारा, ज्यासाठी तिनं मार खाल्ला आणि तरी जो शाबूत घेऊन ती या दारात आली होती – तो आता, मावशीच्या डोळ्यांदेखत, ती स्वतःच गिळत होती. आणि हे सोपं कसं गेलं तिला, हेही मावशीला ठाऊक होतं; रोजचा सराव होता.

पाहुण्यांना घ्यायला बसथांब्यावर जायची वेळ होत आली होती. जायचं, की जायचं नाही, पाटी बाहेर, की आत, की पुन्हा वर्तमानपत्रात – ते सगळं तसंच, तिथंच होतं, पण त्या क्षणी तिला त्यातलं काही नको होतं. तिला फक्त त्या बाईचा आवाज परत हवा होता. पुरा. भिंतीला तडा जाईल एवढा. गल्ली गोळा झाली तरी चालेल. तिनं कर्णेचे दोन्ही दंड धरले, डाग होते तिथंच, आणि तिला गदागदा हलवत म्हणाली,

"मोठ्यानं बोल. मोठ्यानं बोल गं..."

पण तेसुद्धा तिच्या तोंडून निघालं ते हळूच.