पाणी दिलेलं पोलाद

"ही ठेवा त्या लेझर मशीनमध्ये. हिच्यावर कोरून दाखवा," म्हणत नेलिदाने पर्समधून पिन काढली आणि काउंटरवर आपटली.

विक्रेत्याने तिच्या नावाची अक्षरं कोरलेली किल्लीची पट्टी पुढे केली. "सेन्योरा, ही बघा तरी! किती सुबक आलंय."

"ती पितळेची आहे. पितळेवर कोणीही कोरेल. आमची पिन पाणी दिलेल्या पोलादाची आहे. नांगरात बसते, चिखलात घासते. तिथे माझं नाव वाचायला कोण येणार?"

रोसारिओ शहरातलं हे तिसरं दुकान. पहिल्याने लाकूड-चामड्यावर कोरणारं लेझर तिच्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता; त्याने पोलादावर उठलेला धुरकट डाग तिने अंगठ्याने पुसून दाखवला. दुसऱ्याने नमुना ठेवून घेतला आणि पुढे फोनच उचलला नाही. रोज बस धरून ती जिवाला कंटाळली होती. कारखान्यात मालक ओत्तोरिनो वेगळाच डोक्यावर बसला होता. "एक मशीन निवडता येत नाही तुला? लग्नासाठी नवरा निवडतेस का?"

या सगळ्याच्या मुळाशी होता हिलारिओ, तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. पिनांवरचे भट्टीचे आकडे तरुणपणापासून तोच हाताने कोरत आलेला. नवरा गेल्यावर नेलिदाला कारखान्याच्या कचेरीत चिकटवून दिलं ते त्यानेच. अलीकडे मात्र त्याचा हात थरथरायचा. त्याने कोरलेला तीन गिऱ्हाइकाने आठ वाचला आणि भलत्याच भट्टीचा माल म्हणून अख्खी गाडी परत आली. ओत्तोरिनोने त्याच दिवशी फर्मान काढलं होतं, "पिना आपोआप सरकवणारा पट्टा असलेलं मशीन आण. माणूसच नको तिथे."

विक्रेत्याने नाक मुरडत पिन आत ठेवली. पहिली खूण काळीभोर, देखणी उठली. नेलिदाने तिच्यावर पॉलिश पेपर फिरवला, आकडे गेले.

"खोल घ्या."

खोल घेतल्यावर आकडे हलेनात. पण आता विक्रेताच मान हलवू लागला. "सेन्योरा, खरं सांगू? पिनेच्या मानेवर इतकं खोल नको. जोर तिथेच येतो, तडा जाईल."

"म्हणजे आकडा टिकला तर पिन जाणार आणि पिन टिकली तर आकडा! मग मी घेऊ काय?"

त्याने पिन उभी करून तिच्या डोक्यावर बेताच्या खोलीने कोरलं. नेलिदाने पुन्हा घासलं. आकडे राहिले.

"मशीन हेच," ती म्हणाली.

"पट्ट्यासकट ना?"

तिने पिन पुन्हा पर्समध्ये टाकली. मग म्हणाली, "नको. पिना हाताने ठेवायच्या."

कारखान्यात ओत्तोरिनो भडकला. "येडी झालीस का? मी काय सांगितलं होतं?"

"पट्ट्यावर पिनांना ओरखडे पडतात," नेलिदाने ठोकून दिलं. चेहरा मख्ख ठेवायला तिला बरंच जड गेलं.

मशीन आलं, जोडून झालं. तिने हिलारिओला हाताला धरून पुढे आणलं. "भाऊजी, बसा. दार उचलायचं, पिन ठेवायची, दार लावायचं, बटण दाबायचं. हात थरथरला तरी आकडा थरथरत नाही."

हिलारिओने काचेतून बराच वेळ पाहिलं. आत ठिणग्यांचा बारीक झरा उठला आणि थांबला.

"पट्टावालं मिळत नव्हतं?"

"मिळत होतं."

"मग?"

नेलिदा ट्रेमधल्या पिना सारख्या करू लागली.

"माझ्यासाठी हे घेतलंस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे तिला अधिकच लागलं. "नेली, अगं, दार उघडायला नि लावायला बसवतेस मला?"

"मग घरी बसून काय करणार? भिंती मोजणार?"

"ते माझं मी बघीन."

"तुमच्यासाठी मालकाशी खोटं बोलले मी!"

"मी सांगितलं होतं बोलायला?"

तिला ओरडावंसं वाटलं. मशीनला लाथ घालावीशी वाटली. हिलारिओने मात्र शांतपणे अंगावरचा चामडी एप्रन सोडला, नीट घडी घालून बाकावर ठेवला आणि सगळ्यांशी हात मिळवत, कोणाच्या म्हातारीची विचारपूस करत दाराबाहेर पडला.

दुपारी ओत्तोरिनो आला. "बसवणार कोणाला आता? जास्तीचा माणूस मी देणार नाही."

"मी बसते," नेलिदा म्हणाली.

चार वाजता सगळे 'माते' या कडवट चहाची किटली घेऊन अंगणात गेले. कोणीतरी तिला हाक मारली. तिने ऐकली, पण ट्रे अजून अर्धा बाकी होता. तिने दार उचललं, पिन उभी केली, दार लावलं. हिरव्या काचेआड एक तीन उमटला, स्वच्छ, ठसठशीत. जगात कोणी त्याला आठ म्हणालं नसतं. तिने ती पिन काढली आणि दुसरी ठेवली.