माझ्या पाठीवरची कांद्याची सालपटं

मी एक जुना फ्रीज आहे. लाल, एका दाराचा, बेल्ह्याच्या अन्सार कांदेवाल्याच्या घरात उभा. आत्मवृत्ताची रीत आहे म्हणून तुम्हाला मित्रांनो म्हणतो. खरं तर माणसांशी माझी मैत्री उरलेली नाही. का, ते ऐका.

कारखान्यात मला कसं घडवलं, ते कौतुक सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की माझ्या पाठीवर काळ्या नळ्यांची एक जाळी आहे. पोटातली उष्णता त्या जाळीतून बाहेर पडते, तेव्हा कुठे पोट थंड राहतं. जाळीला मोकळी हवा लागते. बाकी माझं काही मागणं नाही.

जुन्नरच्या एका शिंप्याने लेकीच्या लग्नात मला आंदण दिलं. लेकीचं नाव बुशरा, नवरा हा अन्सार. मी टेंपोतून उतरलो त्या दिवशी शेजारपाजार जमला. बुशराची सासू अनवरी हिने माझ्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि आल्यागेल्याला बर्फाचं पाणी पाजलं. माझं सुख तेवढंच. कांद्याचा हंगाम आला आणि अन्सारने रिकाम्या गोण्यांच्या घड्या माझ्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत कोंबल्या. गोण्या ओढल्या की सालपटं उडत आणि धुळीसकट जाळीला चिकटत. वर अनवरी ओली फडकी त्याच जाळीवर वाळत घाली, तिथे ऊब असते म्हणून. समोरून मात्र मला रोज पुसत. तोंड धुवायचं आणि पाठ कुजू द्यायची, ही यांची स्वच्छता.

बुशरा मेंदीचे कोन करते. पाल्याची भुकटी भिजवायची, कोन भरायचे आणि माझ्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायचे. गोठलेला कोन रंग धरून ठेवतो, ऊब लागली की रंग मरतो. बेल्ह्यापासून पारगावपर्यंतच्या नवऱ्या तिच्याकडून मेंदी लावून घेत. त्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं हे एवढंच काम होतं, आणि ते माझ्या भरवशावर होतं.

या उन्हाळ्यात माझा दम संपला. दिवसभर धापा टाकायचो आणि तापून बंद पडायचो. बर्फ नीट धरेना. अनवरीने लगेच सुनेला धारेवर धरलं.

"सारखं दार उघडती. अन् तुझ्या बापानं मोडकंच आणलं व्हतं."

मला तोंड असतं तर त्या बाईला चांगले खडे बोल सुनावले असते.

मग गोरख मिस्त्री आला. गोण्या कोण हलवणार, म्हणून त्याने पुढूनच आत हात घातला आणि म्हणाला, "गॅस गेलाय राव. ह्याच्यात आता राम न्हाई." जिवंतपणीच माझी तिरडी बांधून तो चहा पिऊन गेला.

त्याच आठवड्यात पारगावची शीला दारात उभी राहिली. तिच्या लेकीला, समृद्धीला, बुशरानेच मेंदी लावली होती.

"अनवरीभाबी, तुमच्या सुनंनं आमचं नाक कापलं," ती म्हणाली. "फिका नारंगी रंग आला. पोरीच्या सासूनं सगळ्यांदेखत तिचा हात धरून इचारलं, मेंदी अशी, म्हंजी आमची मायाबी अशीच समजायची का?"

बुशरा खाली मान घालून म्हणाली, "कोन माझेच व्हते ताई. चूक माझीच हाये." चूक तिची नव्हती. मला संताप आला तो याचा, की खरं सांगायला मी होतो आणि मला बोलता येत नव्हतं.

शीला गेल्यावर अनवरीने फैसला केला. "बास झालं हे खूळ. फ्रीज भंगारात घाल, अन् मेंदी बंद."

"उद्या भंगारवाला येतोय," अन्सार म्हणाला. बायकोकडे त्याने पाहिलंही नाही.

सकाळी बुशराने मला रिकामं केलं आणि प्लग काढला. "अब्बांची वस्तू अशी मळकी दाराबाहेर जाणार न्हाई. जुन्नरात कुनी बघितली तर काय म्हनतील?" असं पुटपुटत तिने गोण्या ओढून काढल्या आणि मला फिरवलं. जाळी दिसतच नव्हती, नुसती सालपटांची गोधडी. तिने रंगाचा जुना ब्रश घेतला आणि नळीन् नळी झाडली. सूपभर कचरा निघाला. मग कोरड्या फडक्याने पुसून तिने मला भिंतीपासून वीतभर दूर ठेवलं, प्लग लावला आणि बर्फाच्या कप्प्यात पाण्याची वाटी ठेवली. किती वर्षांनी मी धापा न टाकता चाललो.

भंगारवाल्याला तिने दुपारपर्यंत थांबवलं. तोवर वाटीवर बर्फाचा जाड थर आला होता. तिने वाटी आणि सूप सासूपुढे ठेवलं.

"अम्मी, हा माझ्या बापाचा मोडका फ्रीज. अन् ही तुमच्या घरची सालपटं."

"मंग आधीच साफ करायला काय झालं व्हतं तुला?" अनवरी म्हणाली.

मित्रांनो, माणूस हरला तरी नाक वर ठेवतो ते असं. अन्सार गोण्या उचलून पुन्हा माझ्याकडे निघाला. बुशरा आडवी आली.

"त्या अम्मींच्या पलंगाखाली ठेवा. हितं एक जरी आली, तर मी फ्रीज घेऊन जुन्नरला जाईन."

गोण्या पलंगाखाली गेल्या. भंगारवाल्याचा टेंपो रिकामा गेला. बुशराने ताजे कोन केले आणि समृद्धी माहेरपणाला आल्याचं कळताच ती पारगावला गेली. शीलाने तिला दारातूनच परत पाठवलं.

तर तुम्ही आत्मवृत्त लिहाल आणि गुण घ्याल. त्याआधी घरच्या फ्रीजचा प्लग काढा आणि त्याच्या पाठीवरून ब्रश फिरवा. अर्ध्या तासाचं काम आहे. आमच्या घरात ते वेळेवर कुणी केलं नाही, म्हणून जिने मला कधी पाहिलंही नाही अशा एका पोरीला तिची सासू अजून फिक्या मेंदीवरून बोलते.