चालून पाहिले

"घड्याळ थांबवू नकोस गं," सासूबाई पुलाच्या सातव्या पायरीवर टेकत म्हणाल्या. "मी बसले म्हणून वेळ थोडाच बसतोय!"

मोजणीताईंनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. घर सोडून एकोणतीस मिनिटं झाली होती. स्टेशन अजून पुलापलीकडे होतं, आणि शहर बससेवेच्या कार्यालयातल्या संगणकाच्या हिशेबाने त्या दोघी पंचवीस मिनिटांपूर्वीच फलाटावर पोचल्या होत्या.

"चार मिनिटं म्हणे!" सासूबाईंनी गुडघा चोळला. "त्या मेल्याला गुडघे नाहीत, त्याचं काय जातंय सांगायला!"

ताईंना हसू आलं नाही. दुपारी चारला साहेब यादीवर सही करणार होते. शहरातले एकोणचाळीस बसथांबे जादा ठरले होते आणि त्यांत ताईंच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला सतरा नंबरचा थांबाही होता. नियम साधा होता: जिथून आठ मिनिटांत पायी स्टेशन गाठता येतं, तिथला थांबा जादा, म्हणून बंद. सासूबाई आठवड्यातून तीनदा त्याच थांब्यावरून रक्त शुद्ध करून घ्यायला दवाखान्यात जात. आज त्यांचा मोकळा दिवस होता, म्हणून हट्टाने बरोबर आल्या होत्या. "तुझ्या पायांनी मोजून काय उपयोग? माझ्या पायांनी मोज."

फलाटावर पोचल्या तेव्हा सत्तेचाळीस मिनिटं झाली होती.

सासूबाईंना रिक्षाने घरी सोडून ताई कार्यालयात आल्या आणि कपाटातून जुनी वही काढली. संगणकाला माणसं दिसत नाहीत. त्याला दिसतं वस्तीच्या मधोमध काढलेलं एक टिंब आणि टिंबापासून स्टेशनपर्यंतची जोडरेषा. त्या रेषेवरून सगळी वस्ती एका चालीने, मिनिटाला ऐंशी मीटर, चालत जाते. म्हातारी नाही, पोटुशी नाही, सामानवाली नाही. म्हणून ताईंना कामाला लावणाऱ्या नानांची शिकवण होती: "रेषा आधी पायांनी काढायची, मग बोटांनी." वहीत प्रत्येक रेषेपुढे एक रकाना होता: 'चालून पाहिले'. त्यात तारीख घातल्याशिवाय रेषा संगणकात जायची नाही.

या रेषेपुढचा रकाना कोरा होता. रेषेच्या नोंदीचं अक्षर ताईंचंच होतं.

अकरा वर्षांपूर्वीचा तो दिवस त्यांना लख्ख आठवला. मुलगी तापाने फणफणली होती. नकाशावर रेल्वेच्या भिंतीत एक फाटक दाखवलेलं होतं, त्यांनी खुर्चीवरूनच त्यातून रेघ ओढली आणि घरी धावल्या. उद्या जाऊन येऊ, असं ठरवलं होतं. तो उद्या राहून गेला. दोन वर्षांपूर्वी त्या याच वस्तीत राहायला आल्या. ती बिनफाटकाची सलग भिंत रोज बघत होत्या, पण तिच्यातून आपलीच रेघ आरपार गेलीय, हे काल यादी हातात पडेपर्यंत ध्यानात आलं नव्हतं.

"ताई, कशाला जिवाला घोर लावून घेता?" शेजारच्या टेबलावरचा संगणकवाला हळूच म्हणाला. "चूक झालीय एवढंच सांगा. कुणाची विचारलं तर नानांची. ते बिचारे वर गेलेत, खुलासा मागायला कोण जाणार तिथं?"

"वही आहे ना."

"वही कोण उघडतंय?"

ताईंनी वही मिटून छातीशी धरली. चार वाजायला दहा मिनिटं होती. त्या साहेबांच्या खोलीत शिरल्या, मागोमाग संगणकवालाही.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं. ताईंचं सगळं ऐकून त्यांनी नकाशावर बोट ठेवलं.

"सतरा नंबर. हा तुमच्या घराजवळचा ना?"

"हो साहेब."

"मग लोक काय म्हणतील? बाईंनी स्वतःचा थांबा तेवढा वाचवला!"

"म्हणतील, साहेब. पण भिंत माझ्या घरासाठी बांधलेली नाही. स्टेशनला जायचं तर पुलावरूनच वळसा पडतो. मला एकवीस मिनिटं लागतात. आमच्या सासूबाईंना आज सत्तेचाळीस लागली."

खोलीत कुणीतरी खाकरलं. साहेबांचा आवाज चढला नाही, उलट उतरला.

"ही रेषा काढली कुणी?"

संगणकवाल्याने ताईंकडे पाहिलं. ताईंनी वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली.

"मी. न चालता."

"अशा किती रेषा आहेत तुमच्या?"

"सहाशे बारा. बाकीच्या सगळ्या चालून पाहिल्यात."

"ते आता कशावरून धरायचं?"

साहेबांनी बराच वेळ वही चाळली. मग यादीतल्या सतरा नंबरच्या थांब्यावर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली आणि टोपण लावलं.

"थांबा राहील. पण तुमच्या सगळ्या रेषा बाहेरची माणसं पुन्हा तपासतील. तुम्ही उद्यापासून जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसा. मला दुसरा इलाज नाही, बाई."

"चालेल साहेब."

टेबलाशी येऊन ताईंनी आधी तो कोरा रकाना भरला. आजची तारीख घातली. वेळेच्या जागी एकवीस की सत्तेचाळीस, एकच संख्या मावत होती; त्यांनी सत्तेचाळीस लिहिली. मग वही, मोजणीचं चाक आणि घड्याळ संगणकवाल्याच्या स्वाधीन केलं. तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

संध्याकाळी ताईंची बस सतरा नंबरला थांबली. सासूबाई काठी टेकून बाकावर बसल्या होत्या.

"काय गं, राहिला का?"

"राहिला, आई."

"आणि तू?"

ताईंनी नुसता हात पुढे केला. सासूबाईंनी क्षणभर सुनेचं तोंड न्याहाळलं आणि तो धरून उठल्या.

"चल. इथून आपल्या दारापर्यंत किती मिनिटं लागतात, ते तरी बघू."

ताईंचा दुसरा हात सवयीने पर्सच्या कप्प्यात गेला. घड्याळ तिथे नव्हतं. त्यांनी कप्पा बंद केला आणि सासूबाईंच्या चालीने, मनातल्या मनात, पावलं मोजायला सुरुवात केली.