बोळातला घाट

अभिनंदनचं रक्षाविसर्जन झालं, त्याच संध्याकाळी मगदूमांच्या घरातल्या बोळात पहिलं वळण आलं. त्रिशलाबाई स्वयंपाकघरातून मुलाच्या खोलीकडे निघाल्या होत्या, कॉटवरची चादर धुवायला काढावी म्हणून. एरवी तो बोळ सरळ होता. या टोकाला भाजी फोडणीला टाकली की त्या टोकाला अभिनंदन खोकायचा. त्या दिवशी थोडं पुढे गेल्यावर बोळ डावीकडे वळला आणि वळणाच्या पुढे आणखी बोळ निघाला. बाई भिंतीला हात लावून जरा वेळ उभ्या राहिल्या आणि माघारी आल्या.

"बोळ वळलाय," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

भूपालराव ओट्याशेजारी खुर्चीत बसले होते. सूतगिरणीत उभा जन्म काढलेला, मशिनच्या आवाजात बोलण्याची सवयच मोडलेला माणूस. "वळू दे," ते म्हणाले. "आज नको बघायला."

पुढच्या दिवसांत वळणं वाढत गेली. महिना सरायच्या आत बोळाचा चांगला घाट झाला. एका अंगाला भिंत, भिंतीवर नेहमीचे फोटो आणि ट्यूबलाइट. दुसऱ्या अंगाला खोल काळोख. मधेमधे फरशी संपायची आणि तांबडी खडी लागायची. एखाद्या वळणावर मान वर केली की अभिनंदनच्या खोलीचं दार दिसायचं, खूप वर, फटीतून उजेड येत असलेलं. पुढच्या वळणाला ते नाहीसं व्हायचं.

शेजारच्या चंपाताई उपाध्ये भाकरी घेऊन आल्या तेव्हा त्यांनी बोळात डोकावून बघितलं. "आमच्यात मामंजी गेले तवा नुसता एक उतार पडला होता," त्या म्हणाल्या. "वर्षाच्या आत सपाट झाला. तुमचं तर पोरगं गेलं. घाटच येणार." आणि भाकऱ्या झाकून ठेवून गेल्या.

बाईंनी चालत जाऊन बघितलं. गुडघे आधीच कुरकुरत होते. चढावर ते बोलायला लागले. अर्ध्यातनं परत यावं लागायचं. खोलीत जाऊन नेमकं काय करायचं होतं हे कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. चादर काढायची होती. खिडकी उघडायची होती. त्याच्या शर्टांना अजून वास असेल तर तो जायच्या आत पोचायचं होतं.

शेवटी त्यांना गाडी आठवली.

अभिनंदनची गाडी दारात उभी होती. लाल, बुटकी, मागे सपाट कापल्यासारखी; अंग लहान आणि इंजिन तापट. तो गेला तापाने, दवाखान्यात, बघता बघता. गाडीचा त्यात काही संबंध नव्हता. आजारी पडायच्या आदल्या दिवशी त्याने ती धुऊन पुसून ठेवली होती. रविवारी पहाटे उठून तो पन्हाळ्याच्या रस्त्याला जायचा, वळणं घ्यायला. "वळणं काय घ्यायची असतात?" बाई विचारायच्या, आणि तो हसायचा. त्यानेच त्यांना या गाडीवर चालवायला शिकवलं होतं.

त्या आठवड्यात स्वयंपाकघराचं मागचं दार गाडीएवढं रुंद झालं होतं. बाईंनी गाडी परड्यातून आत घेतली, ओट्याशेजारून काढली. भूपालरावांनी पाय जवळ ओढून घेतले.

"सावकाश," ते म्हणाले.

पहिली वळणं निघाली. मग एक बारीक वळण आलं आणि गाडी बाहेरच्या अंगाला कलंडायला लागली. स्टेअरिंग वळवलेलं होतं, पण नाक सरळच चाललं होतं, हट्टी जनावरासारखं. टायर ओरडले. डावा आरसा भिंतीला घासला आणि बाईंच्या लग्नाचा फोटो खाली पडला. त्यांनी उतरून तो उचलला, मागच्या सीटवर ठेवला आणि गाडी रिव्हर्समध्ये घेत हळूहळू खाली आल्या.

उद्यमनगरात दस्तगीर मुजावरचं गॅरेज होतं. दस्तगीर अभिनंदनचा शाळेपासूनचा मित्र. त्याने गाडी वर चढवली, खाली जाऊन बॅटरीचा उजेड फिरवला आणि बाहेर येऊन हात पुसत विचारलं, "कुठल्या घाटात चालवतासा, काकू?"

"घरातल्या."

"व्हय." त्याने मान हलवली. "घरातली वळणं लई बारीक असत्यात. ह्या शॉकअपवर जमायचं न्हाई. मऊ हाईत."

त्याने जुन्या स्प्रिंगा काढून आखूड आणि कडक स्प्रिंगा घातल्या, शॉकअप बदलले. गाडी जमिनीजवळ आली. काम चाललं होतं तेव्हा बाई स्टुलावर बसून होत्या. दस्तगीरने दोन चहा मागवले, मग सवयीने तिसराही मागवला, आणि तो कुणीच प्यायलं नाही.

त्या दिवशी बाई बऱ्याच वर पोचल्या. एका वळणावर इंजिन बंद केलं तेव्हा त्यांना खोलीतल्या पंख्याचा आवाज आला. तसा कटकटणारा पंखा घरात एकच होता. पुढचं वळण मात्र त्याहून अरुंद निघालं, आणि गाडी पुन्हा कलली.

"आज पंखा ऐकू आला," खाली आल्यावर त्या म्हणाल्या.

"दोनवर लागायचा त्याला," भूपालराव म्हणाले. "तीनवर केला की सर्दी व्हायची."

एवढं बोलून ते वाटाणे सोलायला लागले. त्यांच्या चपलांना तांबडी माती लागली होती. बागेत फेरी मारून आले असतील, असं बाईंना वाटलं. हल्ली ते सकाळी बराच वेळ घरात नसायचे.

दस्तगीरने मग गाडी आडवी डोलू नये म्हणून पुढच्या दोन चाकांना जोडणारा दांडा बदलून जाड घातला. गाडी वळणात सपाट राहायला लागली. बाई आणखी वर गेल्या. दारावर अभिनंदनने चिकटवलेला स्टिकर त्यांना वाचता आला. पण घाटाला ते कळलं असावं. दुसऱ्या दिवशी बोळाचं छत खाली आलं होतं आणि वळणं अशी काही पिळली होती की गाडी आत शिरली की तिचे दरवाजे करकरायचे.

दस्तगीरने गाडीचा एक कोपरा जॅकवर उचलला आणि दार लावून दाखवलं. दार बसेना.

"अंग पिळतंय गाडीचं," तो म्हणाला. "चाकं आता ऐकत्यात, पण अंग ऐकंना. आधार मारावं लागतील."

त्याने एक लोखंडी बार इंजिनवरून आडवा टाकला, दोन्ही शॉकअपच्या माथ्यांना धरून. एक खाली, पोटाला. तिसऱ्यासाठी तो मागच्या दारापाशी घुटमळला.

"ह्यो सीटच्या जागी येणार. मागं कोण बसतंय?"

"कुणी नाही."

मागच्या सीटवरचा फोटो त्याने उचलून बाईंच्या हातात दिला, सीट काढली आणि बार वेल्ड केला. मग शेजारच्या सीटकडे बघितलं. "ही काढली तर वजन कमी हुईल. चढाला बरं."

भूपालराव या गाडीत कधी बसले नव्हते. त्यांना गाडी लागायची.

"काढ," त्या म्हणाल्या.

सीट बाहेर ठेवून दस्तगीर तिच्यावरच टेकला. "काकू, एक सांगतो. अभीला बी सांगितलं हुतं. गाडीनं सोसायचं बंद केलं की समदं माणसाच्या अंगात येतंय. खडा लागला तरी कळंल तुमास्नी."

"कळू दे," बाई म्हणाल्या.

त्यानंतर बाईंना वाकता येईना. आधी कमरेतून, मग मानेतून. जैन बस्तीत दर्शनाला गेल्या तर त्यांना नमस्कार उभ्यानेच करावा लागला. सांगलीची नणंद भेटायला आली, गळ्यात पडून रडली, आणि बाई खांबासारख्या उभ्या राहिल्या. नणंदेचं रडणं त्यांच्या हाडांतून पायापर्यंत गेलं, पण डोळ्यांत काही आलं नाही. रात्री पलंगावर त्या पाठीवर सरळ पडून राहायच्या. शेजारी भूपालराव कूस बदलायचे तेव्हा पलंग एका अंगाला किंचित दबायचा आणि तेवढ्यानेही त्यांना जाग यायची.

"ऐकलीस काय," एकदा जेवताना भूपालराव म्हणाले, "जरा बस की माझ्याजवळ."

"उभी बरी आहे मी."

"बरं," ते म्हणाले, आणि ताटातली भाकरी त्यांनी दुमडून ठेवली.

एका रविवारी सकाळी बाईंनी गाडी पुन्हा आत घेतली. भूपालरावांची खुर्ची रिकामी होती. बोळ आता इतका अरुंद झाला होता की आरसे मिटून घ्यावे लागले. पण गाडी यावेळी वळणांना चिकटून गेली. हात वळवायचा अवकाश, नाक आत शिरायचं. कुठे कलणं नाही, कुठे डोलणं नाही. प्रत्येक खडा, फरशीची प्रत्येक सांध त्यांना माकडहाडात कळत होती, आणि तरीही एका लांब वळणात, गाडी अशी एका धाग्याने ओवल्यासारखी निघाली तेव्हा, बाईंना एकदम हलकं वाटलं. वळणं काय घ्यायची असतात, ते त्यांना कळलं. सांगायला कुणी नव्हतं.

वळण संपलं आणि समोरून भूपालराव चालत येताना दिसले.

पायात त्याच चपला, डोक्याला मफलर, काखेत घडी घातलेली चादर. ते भिंतीला टेकून उभे राहिले, गाडीला वाट द्यावी तसे. बाईंनी गाडी थांबवून काच खाली केली.

"तुम्ही इकडे कुठे?"

"खोलीतनं आलो."

"पोचलात?"

"जातोय की. आठवड्यातनं दोनदा. चादर बदलतो, खिडकी उघडतो, परत येतो." त्यांचा श्वास लागला होता. "लांब आहे. पण बसत बसत जाता येतं."

बाईंनी पुढे बघत विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

भूपालरावांनी काखेतली चादर सावरली. "तू गाडीच्या कामात होतीस," ते म्हणाले.

त्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं. चादरीचा वास उघड्या काचेतून आत आला. साबणाचा नव्हता, दुसरा होता. त्यांनी हात पुढे केला, पण हात स्टेअरिंगपासून फार लांब गेला नाही.

"बसा," त्या म्हणाल्या. "दोघं जाऊ."

भूपालरावांनी वाकून आत बघितलं. शेजारी उघडा पत्रा होता. मागे आडवा बार होता. ते थोडे हसले.

"कुठं बसू?"



"जा तू," ते म्हणाले. "दोनच वळणं राहिलीत. मी येतो मागनं. फक्त तिथं गाडी वळवायला जागा नाही, एवढं ध्यानात ठेव."

बाई गेल्या. दोन वळणं निघाली आणि समोर दार आलं. ते गाडीच्या मापाने उघडलं. गाडी आत शिरली, आणि खोलीही गाडीच्या मापाची होती. उजवं दार भिंतीला टेकलं, डावं दार भिंतीला टेकलं. बॉनेटपुढे हातभर अंतरावर कॉट होती, नव्या चादरीची, उशी थोपटून ठेवलेली. खुंटीवर त्याचे शर्ट होते. डोक्यावर पंखा दोनवर फिरत होता. कॉटच्या पलीकडे खोली अंधारी होती आणि किती लांब होती ते दिसत नव्हतं.

बाईंनी दार ढकललं. ते नखभरही उघडलं नाही. काच खाली केली तर हाताला भिंतीचा चुना लागला. त्यांनी काचेतून शर्टांकडे बघितलं. हवेत कसला वास असेल तो गाडीच्या आत येत नव्हता. मान वळवता येत नव्हती म्हणून त्यांनी मधल्या आरशात बघितलं.

मागे बोळ सरळ झाला होता. एकही वळण नव्हतं. त्या टोकाला ओटा दिसत होता, गॅसवर भांडं होतं. भूपालराव चार ढांगांत गाडीमागे येऊन उभे राहिले. काखेतली चादर त्यांनी खांद्यावर टाकली, आरशात दिसेल असा हात वर धरला आणि डिकीवर थाप मारली.

"येऊ दे," ते म्हणाले. "सरळ आहे. येऊ दे मागं."

बाईंनी रिव्हर्स टाकला. क्लच अर्धा सोडला.

तेवढ्यात पुढून, कॉटच्या पलीकडच्या काळोखातून, बॉनेटवर थाप पडली.

"येऊ दे, आई," तो म्हणाला. "अजून जागा आहे. येऊ दे."

बाईंनी क्लच पुन्हा खाली दाबला. इंजिन जागच्या जागी थरथरत राहिलं. दोन्हीकडून थापा पडत होत्या, एकाच लयीत, येऊ दे, येऊ दे, आणि त्या ताठ गाडीत एकही थाप कुठे जिरत नव्हती. प्रत्येक थाप पत्र्यातून, बारातून, पाठीतून त्यांच्या दातांपर्यंत येत होती.